मदत हवी आहे: कोलायटिस, लेकीला मामापेक्षा जास्त डोस का?

नमस्कार मंडळी, आम्ही डोंबिवलीला असतो. लेक 9 वर्षांची, वजन 24 किलो. गेल्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज नि जखमा) निघालं, स्टिरॉइड कमी केलं की परत रक्त पडायचं म्हणून इन्फ्लिक्सिमॅब (सूज आटोक्यात ठेवणारं, शिरेतून सलाइनसारखं देतात ते औषध) सुरू केलंय, त्यासाठी परळला न्यावं लागतं. माझ्या भावालाही हेच आहे, 70 किलोचा गडी, त्याला किलोमागे 5 मिग्रॅ दर 8 आठवड्यांनी आणि त्याचं मस्त चाललंय. लेकीची ट्रफ लेव्हल (पुढच्या डोसच्या आधी रक्तात उरलेलं औषध) कमी आली, म्हणून डॉक्टर म्हणतात किलोमागे 10 करू आणि 6 आठवड्यांनीच देऊ. सासूबाईंनी डोक्याला हात लावला, एवढ्याशा पोरीला मोठ्या माणसाच्या दुप्पट? मलाही पटेना, पण ओपीडीत एवढी गर्दी की विचारेपर्यंत पुढचा नंबर पुकारला. पोरांच्या अंगात औषध लवकर संपतं का? लिव्हरवर ताण येईल का? आणि मेसालामाइनची (आतड्याची सूज कमी करणारी) गोळी तिला गिळवतच नाही, तोंडात धरून बसते नि रडते, कुटून मोरंब्यातून दिली तर चालेल का?

प्रतिसाद 1:
ताई, गोळी कुटू नका!! तिच्यावरचं कोटिंग लहान आतड्याच्या शेवटाला विरघळतं म्हणून औषध मोठ्या आतड्यात पोचतं, कुटलं की वरच शोषलं जातं. दाणेदार सॅशे मिळतात, ते विचारा, पण दाणेही चावायचे नाहीत.

प्रतिसाद 2:
माझा मुलगा याच औषधावर आहे म्हणून लिहितेय. इन्फ्लिक्सिमॅब म्हणजे प्रोटीन, ते बाकीच्या गोळ्यांसारखं लिव्हर-किडनीतून निघत नाही, अंगभर हळूहळू तुटतं. कमी वजनाच्या मुलांत किलोच्या हिशोबाने ते लवकर संपतं, त्यामुळे मोठ्यांचा 5 चा डोस त्यांना अपुरा पडू शकतो. त्यात आतडं सुजलेलं असेल तर औषध शौचावाटेही जातं, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी आलं तरी तोच इशारा. आणि दुप्पट म्हणजे किलोमागे हो, एकूण पाहिलं तर तिला 240 मिग्रॅ, मामाला 350. डॉक्टरांना एवढं नक्की विचारा की लेव्हलसोबत अँटीबॉडी (शरीर या औषधाविरुद्धच तयार करतं त्या) तपासल्यात का, त्या जास्त असतील तर डोस वाढवून बऱ्याचदा उपयोग होत नाही, औषधच बदलावं लागतं.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे. रिपोर्टवर अँटीबॉडीचं काहीच दिसत नाहीये, उद्याच फोन लावते. सासूबाईंना 240-350 चा हिशोब दाखवला तर म्हणाल्या, मग हे आधी नाही का सांगायचं!