मदत हवी: एक सर्व्हो ट्रिप झाला की बाकीचे थांबवायचे कसे?

कुपवाडकर:
कोरीवकामाचं राउटर मशीन, चार सर्व्हो ड्राइव्ह (मोटर चालवणारे युनिट). काल एकाला ओव्हरलोड अलार्म आला, बाकीचे तीन चालूच राहिले. आता चारही अलार्म आउटपुट सिरीजमध्ये जोडून कंट्रोलरला दिलेत, तर अलार्म नसतानाही मशीन रेडी होईना. शनिवारी माल द्यायचाय, लवकर सांगा.

पॅनलवाला:
आउटपुट रिलेचं आहे का ट्रान्झिस्टरचं? ई-स्टॉप (इमर्जन्सी बटण) कुठे जोडलाय?

जुना फिटर:
एवढं कशाला? सगळ्यांच्या मेन सप्लायला एकच काँटॅक्टर टाका. अलार्म आला की लाइट कट. मिरजेत तीन मशीनवर असंच केलंय मी.

पॅनलवाला:
काका, लाइट तोडली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मोटर कुठे थांबेल याचा भरवसा नाही. झेडला (वर-खाली होणाऱ्या अक्षाला) ब्रेक नसेल तर टूल फिरवणाऱ्या स्पिंडलसकट खाली येईल.

कृष्णाकाठ:
ओव्हरलोड म्हणजे व्होल्टेजचाच घोळ. पावसाळ्यात आमच्याकडेही व्हायचं. स्टॅबिलायझर बसवा.

कुपवाडकर:
व्होल्टेज बघितलं, ठीक आहे. आउटपुट ट्रान्झिस्टरचं, २४ व्होल्ट. झेडला ब्रेक आहे.

पॅनलवाला:
मग तसं सिरीज करू नका. चौघांचे मायनस एकत्र असतील तर ती सिरीज होतच नाही. प्रत्येक ड्राइव्हला २४ व्होल्टचा दोन पोलचा (काँटॅक्टचे दोन वेगळे संच असलेला) रिले द्या, कॉइलवर डायोड, पट्टीची बाजू प्लसला. मग रिलेचे एनओ (एरवी उघडे असणारे) काँटॅक्ट सिरीजमध्ये घेऊन कंट्रोलरला. ड्राइव्ह ठीक असताना आउटपुट ऑन राहील असं पॅरामीटर ठेवा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल.

कुपवाडकर:
करतो. पुलाच्या (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या तुळईच्या) दोन्ही बाजूंना वाय अक्षाच्या दोन मोटर आहेत, त्यातलीच एक गेली होती. पूल तिरका झाला.

पॅनलवाला:
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! फॉल्ट झालेला ड्राइव्ह टॉर्क सोडतो. दुसरा हळूहळू थांबत बसला तर पूल पुन्हा ओढला जाणार. वायच्या दोन्ही रिलेंचे दुसरे पोल सिरीजमध्ये घ्या आणि दोघांची सर्व्हो ऑन लाइन (ड्राइव्हला मोटर चालू ठेवायला सांगणारा सिग्नल) त्यातूनच न्या. एक पडला की दोन्ही त्याच क्षणी ऑफ. डायनॅमिक ब्रेकचं (मोटरची वाइंडिंग शॉर्ट करून थांबवणाऱ्या ब्रेकचं) सेटिंग दोघांचं सारखं ठेवा. एक्स आणि झेडला कंट्रोलर थांबवेल.

जुना फिटर:
म्हणजे दोन्ही एकदम तोडायचे हे माझं बरोबरच होतं.

पॅनलवाला:
एकदम, हे बरोबर. पण मेन नव्हे, सर्व्हो ऑन. आणि पॅनल उघडाल तेव्हा चार्जचा दिवा विझेपर्यंत टर्मिनलला हात नको.

कुपवाडकर:
केलं. वायच्या एका ड्राइव्हची अलार्म वायर काढून बघितली, सगळे थांबले, पूल सरळ राहिला. पण थांबताना झेड दोन-तीन मिलिमीटर खाली सरकतोय.

पॅनलवाला:
ब्रेक पकडायच्या आधी टॉर्क जातोय. ब्रेकचा रिले झेड ड्राइव्हच्या ब्रेक आउटपुटवरून चालवा आणि सर्व्हो ऑफचा डिले ब्रेकला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त ठेवा. आणि ई-स्टॉपचं अजून सांगितलं नाहीत. तो नुसता कंट्रोलरच्या इनपुटला असेल तर मशीनखाली कुणाला हात घालू देऊ नका.