दाजी म्हणतात, तीन महिने पाला देऊन बघू

अर्धाकप (धागाकर्ता)

मोठी बहीण, वय ४७, इस्लामपूरला असते. श्रावणात अंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ लागली. दुखत नाही म्हणजे साधीच असणार, असं म्हणून दिवाळीपर्यंत कुणाला बोलली नाही. मग मॅमोग्राफी, बायोप्सी, पेट स्कॅन. कॅन्सर निघाला. गाठ साडेतीन सेंटीमीटर, काखेतल्या दोन गाठींपर्यंत पोचलीय, बाकी शरीर स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, आधी किमो, मग ऑपरेशन, मग शेक (रेडिएशन). पूर्ण बरं करायच्याच हिशेबाने देतोय, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

घरात वेगळंच चाललंय. कराडकडच्या कुणाला तरी लक्ष्मीतरू नावाच्या झाडाच्या पानांच्या काढ्याने गुण आला म्हणे, त्यामुळे दाजींनी पोतंभर पानं आणलीत. साखर बंद, दूध बंद, गहू बंद, भात बंद. सकाळी गव्हांकुराचा रस, दुपारी बीट-काकडी, रात्री काढा. सतरा दिवसांत ताईचं वजन चार किलो उतरलं, तर सासूबाई म्हणतात, "विष बाहेर पडतंय." एका निसर्गोपचार केंद्राने एकवीस दिवसांचे एक लाख ऐंशी हजार सांगितलेत. किमो महात्मा फुले योजनेत बसतोय, तरी दाजींचा ओढा तिकडेच. म्हणतात, "तीन महिने बघू. नाही फरक पडला तर किमो कुठं पळून जातोय?"

किमो पळत नाही हे खरं. गाठ पळते. पण मी धाकटा, त्यात मेहुणा, माझं कोण ऐकतंय! दाजी वाईट माणूस नाहीत हेही सांगतो. त्यांच्या आईला किमोत हाल होऊन गेलेलं त्यांनी पाहिलंय. मत द्या, भांडा, पण माझ्या घरच्यांना अडाणी म्हणू नका.

खडीसाखर

मी तुमच्या दाजींच्या बाजूने. माझ्या सासऱ्यांना प्रोस्टेटचा होता, हाडात गेलेला. शिमोग्याकडच्या एका खेड्यात सालीची पावडर देतात, तिथे आम्ही रात्रभर रांगेत बसून ती आणली. निम्मी रांग मराठी होती. कडक पथ्य, वांगं नाही, आंबट नाही, सगळं पाळलं. सासरे त्यानंतर साडेचार वर्षं जगले, शेतात जायचे. शेजारच्या बाईंनी किमो घेतला, आठ महिन्यांत गेल्या. डोळ्यांनी पाहिलंय, कुणी काही म्हणा.

सुईदोरा

खडीसाखर, मी ऑन्कॉलॉजी (कॅन्सरच्या) वॉर्डात अकरा वर्षं नर्स आहे. भांडायला नाही, खरंच विचारते. सासऱ्यांना त्या काळात दुसरं काही चालू होतं का? दर तीन महिन्यांनी पोटात किंवा दंडात एखादं इंजेक्शन?

खडीसाखर

हो, तीन महिन्यांनी एक इंजेक्शन असायचं. ते हार्मोनचं होतं, कॅन्सरचं नव्हे.

सुईदोरा

तेच कॅन्सरचं औषध. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी हार्मोनवर वाढतो. ते इंजेक्शन हार्मोन बंद पाडतं आणि हाडात गेलेला रोगसुद्धा बऱ्याचदा काही वर्षं दबून राहतो. पावडरीने काही केलं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण साडेचार वर्षांचं सगळं श्रेय तिला देऊ नका. वॉर्डात हे नेहमी बघते. इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, म्हणून विसरलं जातं. पावडर रोज दोनदा उकळायची, पथ्य पाळायचं, म्हणून ती लक्षात राहते.

शेजारच्या बाईंचा कुठल्या अवयवाचा, कुठल्या स्टेजचा, हे कळल्याशिवाय दोघांची तुलना होत नाही. 'कॅन्सर' हे एका रोगाचं नाव नाहीच मुळी.

हिरडाबेहडा

मी बीएएमएस, सातारा जिल्ह्यात दवाखाना. दोन्हीकडचे जोडे खायची तयारी ठेवून लिहितो.

लक्ष्मीतरू आयुर्वेदातला आहे असं सांगून जो कुणी विकतोय तो खोटं बोलतोय. झाड मध्य अमेरिकेतलं. आपल्याकडे १९६० च्या दशकात तेलबिया म्हणून आणलं, सुरुवातीची लागवड आपल्याच अमरावतीत. चरक-सुश्रुतांनी ते बघितलेलं असायचं कारण नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशी त्याच्या अर्काने मरतात, पण बशीतल्या पेशी ब्लीच टाकलं तरी मरतात.

आता दुसऱ्या बाजूला सांगतो. पेशंट माझ्याकडे का येतो? मोठ्या हॉस्पिटलात सहा तास थांबून चार मिनिटं मिळतात. "डॉक्टर, खाऊ काय?" यावर उत्तर येतं, "सगळं खा." सहा आठवडे घास गिळता येणार नाही अशा माणसाला हे उत्तर पुरतं का? मी पाऊण तास बसतो, जीभ बघतो, झोप विचारतो. किमो बंद करा असं एकाही पेशंटला सांगितलेलं नाही. पण माझं औषध चालू आहे हे तिकडे सांगायची पेशंटला भीती वाटते, कारण ओरडा बसतो. ही भीती कुणी घातली?

सुईदोरा

भीतीबद्दल सहमत, ओरडणारे मीही पाहिलेत. पण लपवाछपवी महागात पडते. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले होते, आठवत असेल. किमोची बरीचशी औषधं यकृतातून जातात. एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेला दिसला की आम्ही किमोची सायकल, म्हणजे पुढची फेरी, पुढे ढकलतो, कारण शोधत बसतो, आणि चौथ्या दिवशी मुलगी हळूच पिशवीतून काढ्याची बाटली काढते.

हिरडाबेहडा

गुळवेलीच्या त्या प्रकरणात झाड नक्की कुठलं होतं यावर आमच्याकडून आक्षेप घेतले गेलेत. पण मुद्दा मान्य. किमो चालू असताना मी स्वतः गुळवेल देत नाही.

तिसरीघंटा

आकडा हवा असेल तर घ्या. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली अमेरिकेतल्या नोंदींतून २८१ रुग्ण काढले. रोग दूर पसरलेला नाही, म्हणजे साधारण अर्धाकप यांच्या ताईंसारखीच अवस्था, आणि नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेले. नेहमीचे उपचार घेणाऱ्या तशाच रुग्णांच्या तुलनेत मृत्यूचा धोका अडीच पट. फक्त स्तनाचा कर्करोग पाहिला तर साडेपाच पटीहून जास्त. दाजींना हे छापून द्या.

कोपऱ्यावरचा

छापून द्याच, पण हेही लिहा की ही निरीक्षणं आहेत, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नाहीत. आणि असले अभ्यास कोण करतं? ज्यांचं पोट औषध कंपन्यांवर चालतं ते. हळदीचं पेटंट मिळत नाही, कडुलिंबाच्या पाल्याचं मिळत नाही, मग त्यावर चाचणी करणार कोण? उद्या दोन रुपयांत कॅन्सर बरा होतो असं कळलं तर ते बाहेर येऊ देतील का? माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धूंची बायको हळद-कडुलिंबाच्या आहाराने कॅन्सरमधून बरी झाली, हे त्यांनीच सांगितलेलं सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलंय.

तिसरीघंटा

चिठ्ठ्या टाकून "तू किमो घे, तू पाला खा" असं माणसांना कोण सांगणार? म्हणून निरीक्षणांवर भागवावं लागतं. तरी तुमचा आक्षेप रास्त आहे, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पाच पटीचं शून्य मात्र होणार नाही.

दोन रुपयांचं म्हणताय ना? परळच्या टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर चाचणी केली. गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावायचं आणि रंग पांढरा होतो का ते बघायचं, एवढंच. त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली ते अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कर्करोग परिषदेत मांडलं गेलं. व्हिनेगरचं पेटंट कुणाकडे आहे?

आणखी एक. स्तनाच्या ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना देतात तेच बधिर करायचं औषध, किंमत किरकोळ. टाटा आणि इतर काही भारतीय केंद्रांनी सुमारे १६०० बायकांवर ते तपासलं. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६ वरून ९० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये छापून आलं. स्वस्त वस्तू कुणी दाबत नाही. चाचणीत टिकली की घेतात. तुमच्या दारातल्या सदाफुलीतून निघालेलं व्हिन्क्रिस्टीन आज लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिलं जातं. म्हणजे पाला चालतो, पण कुठल्या पाल्यातला कुठला अंश, किती, कुणाला, हे ठरवून.

सिद्धूंचं म्हणाल तर त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली होती, किमो झाला होता. व्हिडिओत लोकांना हळद आणि कडुलिंब तेवढा ऐकू आला. त्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये टाटाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून सांगितलं की या पदार्थांनी कर्करोग बरा होतो याला पुरावा नाही. पुढे सिद्धूंनीही खुलासा केला की आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता.

कोपऱ्यावरचा

व्हिनेगरने निदान होतं, उपचार नाही. लिग्नोकेन माहीत नव्हतं, वाचतो. पण साखरेचं काय? पेट स्कॅनला साखरच टोचतात आणि गाठ उजळते. म्हणजे गाठ साखर खाते हे तुमचंच यंत्र सांगतंय. मग गोड बंद केलं तर चुकलं कुठे?

पिठलंभाकरी

इथे मी. हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे.

गाठ साखर जास्त ओढते, बरोबर. जर्मन शास्त्रज्ञ वारबुर्ग यांनी हे शंभर वर्षांपूर्वी पाहिलं होतं. पण तुम्ही ताटातली साखर काढली म्हणून रक्तातली संपत नाही. भात बंद केला तर यकृत स्नायू मोडून साखर बनवतं. गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो, दंड-मांड्या मात्र वाळतात. ताईंचे ते चार किलो 'विष' म्हणजे बहुतेक पाणी आणि मांस आहे. आणि किमोचा डोस उंची-वजनावरून काढतात, वाळलेल्या माणसाला तो झेपत नाही. दाजींच्या आईंचे हाल का झाले असतील, त्यात हेही एक कारण असू शकतं.

चहात साखर अर्धी केली, बिस्किटं-फरसाण बंद केलं, तर उत्तमच. पण रोज अंडं द्या, खात नसतील तर मुगाचं धिरडं, पनीर, शेंगदाण्याची चटणी, सातूचं पीठ. सांगलीकडे असाल तर ज्वारीची भाकरी आणि उसळ यापेक्षा मी वेगळं काय सांगणार! गव्हांकुराचा कच्चा रस मात्र किमो सुरू झाल्यावर बंद. पांढऱ्या पेशी खाली आल्या की धुवून न धुतल्यासारख्या कच्च्या पाल्यातून जुलाब लागतात आणि ताप येतो. तो ताप साधा नसतो, रात्री दोनलाही गाडी काढून हॉस्पिटल गाठावं लागतं.

उन्हाळझोप

एक वेगळी बाजू. वडील ७८, स्वादुपिंडाचा, यकृतात पसरलेला. त्यांनी किमोला नाही म्हटलं. मुंबईच्या डॉक्टरांनीही काही महिन्यांपलीकडे फायदा सांगितला नव्हता. घरी आले, मॉर्फिनच्या गोळ्या, उपशामक सेवेची नर्स आठवड्यातून दोनदा. अंगणात बसून पेपर वाचत गेले. 'किमो घ्या' हे सगळ्यांना एकाच मापाने सांगू नका. पण ताईंचं प्रकरण तसं नाही, हे मलाही दिसतंय. आम्हाला बरं व्हायची वाट उरली नव्हती, त्यांना आहे.

डबलडेकर

मी स्वतः. स्तनाचा, २०१९, तेव्हा ४१ वर्षांची. वर सगळे ताईंविषयी बोलताहेत, ताईला कुणी विचारलं का?

मला आईने गोमूत्र अर्क दिला, नणंदेने हनुमानफळाची पानं, ऑफिसातल्या एकाने जर्दाळूच्या बिया पाठवल्या. बिया मी फेकल्या, त्यातून सायनाइड तयार होतं हे माहीत होतं. अर्क चार दिवस घेतला, आईसाठी. किमोच्या लाल औषधाच्या दुसऱ्या सायकलनंतर पाणीसुद्धा गंजलेल्या नळाचं लागायचं. स्टीलचा चमचा तोंडात घातला की उलटी. मग नवऱ्याने आइस्क्रीमचे लाकडी चमचे आणले डझनभर. पोटात राहायचं ते फक्त कोकमाचं सार आणि मऊ भात. ज्या भातावर तुम्ही बंदी घातलीय तोच.

आणि सुईदोरा, पिठलंभाकरी, तुमचं सगळं बरोबर आहे, पण "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांत तुमचीही माणसं होती. मला त्याचा पाल्याइतकाच राग यायचा.

अर्धाकप

तीन दिवसांनी लिहितोय. इस्लामपूरला जाऊन आलो. आकडे छापून नेले होते, ते पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत. डबलडेकर यांचा प्रतिसाद ताईला मोबाइलवर वाचायला दिला. दोनदा वाचला. मग दाजींना म्हणाली, "तुमच्या आईला किमो झेपला नाही, त्या सत्तरीच्या होत्या. मी रोज दोन हंडे उचलते." दाजी उठून गोठ्याकडे गेले, तासाभराने आले, डोळे लाल होते. टू-डी इको (हृदयाची तपासणी) काल झाला, पहिला किमो मंगळवारी. पोतं अजून माळ्यावर आहे, फेकायचं नाही असं ठरलंय. डॉक्टरांना सगळं सांगायचं, आणि ते म्हणतील तोवर काढा उकळायचा नाही.

निसर्गोपचारवाल्यांना आगाऊ दिलेले वीस हजार परत मिळणार नाहीत म्हणे.

एकच विचारायचंय. त्या दिवशी सहा-सात तास बसावं लागेल असं सांगितलंय. डब्यात काय न्यावं?

पिठलंभाकरी

सकाळी निघताना हलका नाश्ता करूनच. डब्यात मऊ खिचडी, थोडं तूप. तळलेलं आणि उग्र वासाचं नको, शेजारच्या बेडवरच्यांनाही त्रास होतो. उकळून गार केलेलं पाणी घरूनच न्या.

डबलडेकर

कोकम सार, थर्मासमध्ये. शाल न्या, एसी फार असतो.

खडीसाखर

माझं मत बदललेलं नाही, सासऱ्यांना पावडरीचा गुण आला हे मी म्हणणारच. पण मंगळवारी लाकडी चमचे विसरू नका.