टीम अमेरिका (१९८३): कल्पना बरोबर होती, खेळाडूंनी पाठ फिरवली

डावा पाय

'टीम अमेरिका'चा विषय निघाला की फुटबॉलवाले हसतात. एकच मोसम, ३० सामने, १० विजय, २० पराभव, गटात शेवटचा नंबर आणि दुकान बंद. मला मात्र त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून ज्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये खेळला, तिच्यात १९८० ला २४ संघ होते. १९८३ ला १२ उरले. तेव्हा लीगचे अध्यक्ष हॉवर्ड सॅम्युअल्स आणि तिथली फुटबॉल फेडरेशन यांनी ठरवलं, की देशाचा राष्ट्रीय संघच एक क्लब म्हणून लीगमध्ये उतरवायचा. मालक रॉबर्ट लिफ्टन, प्रशिक्षक मूळचे ग्रीसचे अल्किस पानागुलियास, मैदान वॉशिंग्टनचं आरएफके स्टेडियम. खेळाडू बाकीच्या क्लबांकडून उसने घ्यायचे.

आता सांगा, १९८१ ते ८३ या तीन वर्षांत अमेरिकेचा राष्ट्रीय संघ किती अधिकृत सामने खेळला असेल? दोन! ८२ ला त्रिनिदादशी, ८३ ला हैतीशी. (दोन्ही जिंकले, ही वेगळीच गंमत.) १९५० नंतर वर्ल्ड कपचं तोंड पाहिलेलं नाही. अशा संघाला उन्हाळाभर एकत्र ठेवून ३० सामने खेळवायचे, यात वेडेपणा कुठला?

घात केला खेळाडूंनी. कॉसमॉसचा रिक डेव्हिस, तेव्हाचा सगळ्यात नावाजलेला देशी खेळाडू, आलाच नाही. इतरही काहींनी नकार दिला. मग जागा भरायला ॲलन मेरिकसारखे इंग्लंडात जन्मून पुढे अमेरिकेचे नागरिक झालेले लोक आणावे लागले. ३० सामन्यांत फक्त ३३ गोल होणार नाहीत तर काय. पळपुटेपणा झाला हा.

पेठेतला गोली

असहमत. सणसणीत असहमत.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे आमच्या भाषेत सांगतो. समजा उद्या कुणी ठरवलं की आमच्या पेठांतल्या क्लबांतून पाटाकडीलची दोन पोरं, शिवाजी तरुण मंडळाची दोन, दिलबहारचा गोली आणि खंडोबाचा फॉरवर्ड उचलून 'टीम कोल्हापूर' काढायची. ती मुंबई-गोव्याशी खेळणार असेल तर अख्खं शाहू स्टेडियम तिच्या पाठीशी. पण तीच टीम इथल्याच लीगमध्ये पाटाकडीलसमोर उतरवली तर? पाटाकडीलवाले कुणासाठी ओरडणार? आणि टीम कोल्हापूरची म्हणून वेगळी पेठ कुठून आणायची? तिच्यामागे भाऊबंद नाहीत, तालीम नाही, मागच्या वर्षीचं भांडण नाही. नुसती जर्सी.

सिएटल, टॅम्पा, टल्सा इथल्या लोकांना नेमकं हेच करायला सांगितलं. तुमच्या गावचा चांगला खेळाडू 'देशासाठी' द्या, आणि तो पाहुणा म्हणून आला की त्याला हरवा. भावा, हे चालत नसतं.

आणि डेव्हिसला पळपुटा म्हणू नका. १९८३ ला कॉसमॉसमध्ये जर्मनीचा दिग्गज बेकेनबाउर परत आला होता. त्याच्याबरोबर रोज सराव करायचा सोडून उसन्या खेळाडूंच्या टोळीत जाऊन त्यानं देशाचं काय भलं केलं असतं? क्लब आधी, राष्ट्रीय संघ त्यातून उगवतो. उलटं झाड लावलं तर मुळं आभाळाकडे.

बारा आण्याचं तिकीट

दोघंही गल्ला विसरलात. एका सामन्याला पन्नास हजारांवर लोक आले होते, फोर्ट लॉडरडेलविरुद्ध. कारण त्याच तिकिटात बीच बॉइजचा गाण्याचा कार्यक्रम होता. अख्ख्या मोसमाची सरासरी तेरा हजारांच्या आसपास. उरलेला हिशोब ज्याचा त्याने करावा.

अनिवासी

मी वॉशिंग्टनजवळ राहतो. त्या मैदानावर आधी डिप्लोमॅट्स नावाचा क्लब होता. हॉलंडचा दिग्गज क्रायफ खेळूनही तो टिकला नाही, त्यामुळे गावाला फुटबॉल नको असेल असं वाटू शकतं. पण १९९६ ला तिथेच डीसी युनायटेड आली आणि पहिल्याच वर्षी एमएलएस कप, म्हणजे तिथल्या नव्या लीगचं विजेतेपद, जिंकली. ढोल वाजवणारे स्टँडभर नाचायचे आणि खालचं जुनं स्टेडियम अक्षरशः हलायचं. मैदान तेच, गाव तेच. फरक एवढाच की हा संघ गावाचा होता. गोलीशी सहमत.

डावा पाय

पेठेचं उदाहरण लागलं, मान्य. पण मग १९९४ चं काय? घरचा वर्ल्ड कप येणार म्हणून फेडरेशनने खेळाडूंना थेट करार दिले, कॅलिफोर्नियातल्या मिशन व्हिएहो इथे बोरा मिलुटिनोविचच्या हाताखाली एकत्र ठेवलं. कोलंबियाला २-१ हरवून संघ बाद फेरीत गेला, ब्राझीलशी फक्त ०-१. हीच तर टीम अमेरिकेची कल्पना, दहा वर्षं उशिरा.

पेठेतला गोली

तिथेच तर गोम आहे! मिशन व्हिएहोचा संघ लीगमध्ये नव्हता, दुसऱ्या देशांशी खेळत होता. कुणाची पेठ लुटून कुणाच्या अंगावर घातली नव्हती.

आणि त्याच लीगमधल्या माँट्रियल मॅनिकचं कसं विसरलात? त्याच १९८३ मध्ये त्यांच्या मालकांनी, मोल्सन बिअरवाल्यांनी, जाहीर केलं की पुढच्या वर्षी हा संघ 'टीम कॅनडा' होणार. माँट्रियल ज्यात येतं त्या फ्रेंचभाषक क्वेबेकच्या माणसाला सांगताय की तुझा संघ आता तुझा नाही, कॅनडाचा! प्रेक्षक रोडावले, मोसम संपताच क्लब बंद. एका वेडगळ कल्पनेने दोन शहरं घालवली.

सहज वाचणारा

आपल्याकडेही फेडरेशनने २०१० ला इंडियन ॲरोज काढून आय-लीगमध्ये खेळवलीच की. २०१३ ला बंद, २०१७ ला परत सुरू, २०२२ ला पुन्हा बंद.

डावा पाय

ॲरोजमध्ये कोवळी पोरं होती, कुणाचा हुकमी खेळाडू काढून नेला नव्हता. तुलना अर्धीच बसते.

'पळपुटे' हा शब्द मागे घेतो. बाकी म्हणणं कायम. १९८४ चा मोसम संपला आणि पुढच्या मार्चपर्यंत लीगच गुंडाळली गेली. ३१ मे १९८५ ला कॅलिफोर्नियात टॉरन्सला वर्ल्ड कपच्या पात्रता सामन्यात अमेरिकेला कोस्टा रिकाविरुद्ध बरोबरी पुरेशी होती, प्रशिक्षक पानागुलियासच होते. ०-१ हरले आणि ८६ चा वर्ल्ड कप गेला. तुम्ही म्हणता ते क्लब तरी कुठे वाचले?

पेठेतला गोली

टॉरन्सला अमेरिकेचा सामना, अमेरिकेचं मैदान, आणि बहुतेक प्रेक्षक कोस्टा रिकाचे. त्यांना कुणी गाण्याचा कार्यक्रम ठेवला नव्हता.