व्हायोलिनवादनातून प्रोग्रॅमिंगकडे वळताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न:
मी चौदा वर्षे व्हायोलिन वाजवून आणि शिकवून उदरनिर्वाह करत आहे. डाव्या मनगटाच्या दुखण्यामुळे सलग वादन अशक्य झाले, तेव्हापासून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतो आहे. लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणे) आणि फंक्शन (नाव देऊन ठेवलेला सूचनांचा गट) समजतात, परंतु स्वतःहून काही लिहायला बसलो की हात थांबतो, आणि पुस्तकातील बिले व गुणपत्रिकांची उदाहरणे रुक्ष वाटतात. संगीताची तयारी इथे खरोखर उपयोगी पडते, की हे केवळ धीर देण्यासाठी म्हटले जाते?

प्रतिसाद १:
उपयोगी पडते, पण लोक सांगतात त्या ठिकाणी नव्हे. ‘संगीत म्हणजे गणितच’ हे विसरा. अवघड जागा आली की आपण संपूर्ण रचना पुन्हा वाजवत नाही, तेवढीच जागा वेगळी काढून संथ लयीत घोटतो. प्रोग्रॅममधील दोष शोधताना नेमके हेच करावे लागते. एक सवय मात्र मोडावी लागेल. रंगमंचावर स्वर चुकला तरी न थांबता पुढे जायचे, हे आपल्या अंगात मुरलेले असते. इथे पहिल्याच त्रुटीपाशी थांबून तिचा संदेश शेवटपर्यंत वाचायचा असतो. मी पियानो सोडून या व्यवसायात आलो, तेव्हा मला सर्वाधिक वेळ यालाच लागला.

प्रतिसाद २:
मग उदाहरणेच बदला. मिडी या संगणकाला स्वर कळवण्याच्या पद्धतीत स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असतात. ६९ म्हणजे ४४० हर्ट्‌झ, आणि क्रमांक बाराने वाढला की कंपनसंख्या दुप्पट होते. क्रमांकावरून कंपनसंख्या काढणारे फंक्शन लिहा. त्यानंतर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट या भाषेत लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम करा. सेटइंटरव्हल या तिच्यातील टायमरने ठोके दिले तर ते मागेपुढे होतात, कारण तो टायमर पानाच्या इतर कामांबरोबर एकाच रांगेत उभा असतो; त्याऐवजी वेब ऑडिओ या ब्राउझरमधील ध्वनी-सुविधेच्या घड्याळावर पुढचे ठोके थोडे आधीच नेमून ठेवावे लागतात. इतरांना हा दोष मोजून दाखवावा लागतो, तुम्हाला तो ऐकूच येईल.

प्रतिसाद ३:
सूचना उत्तम आहे, परंतु नोकरी फक्त ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. ते क्षेत्र लहान आहे, तिथे बहुधा सी++ ही भाषा लागते आणि चुकीला जागा नसते: ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने (मोजमापे) या दराने २५६ नमुन्यांचा बफर, म्हणजे वाजण्याआधी ध्वनी ठेवायची तात्पुरती जागा, भरायला सहा मिलिसेकंदही मिळत नाहीत, आणि उशीर झाला की खट् असा आवाज येतो. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) आणि गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) शिका, शिकवण्या इतक्यात बंद करू नका. शिवाय कळफलकावरही मनगटच राबते, त्याचा विचार केला आहे का?

प्रश्नकर्ता:
केला आहे. मनगट वळवून धरल्याने दुखते, टंकनाने नाही. तरीही पाऊण तासाने उठतो. मेट्रोनोम काल लिहिला. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दर ५०० मिलिसेकंदांनी ठोका पडायला हवा होता, पण पानावर मोठी आकृती काढण्याचे काम जोडताच तो लंगडू लागला. आज घड्याळ बदलून पाहतो.