अहवालांच्या गुणदानासाठी ऑनलाइन प्रणालीत रूब्रिक कसे तयार करावे? सल्ला हवा आहे

नमस्कार. मी पदव्युत्तर वर्गाला संशोधनपद्धती हा विषय शिकवते. सत्राच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थी साधारण तीन हजार शब्दांचा अहवाल सादर करतो आणि असे सुमारे १२० अहवाल आम्ही तिघे अध्यापक वाटून घेऊन तपासतो. मागच्या सत्रापासून ही तपासणी ऑनलाइन अध्ययन प्रणालीतच रूब्रिक (निकष आणि त्यांच्या पातळ्या मांडलेला गुणदानाचा तक्ता) लावून करायची असे ठरले आणि ते तयार करण्याचे काम माझ्याकडे आले.

मी पाच निकष घेतले: प्रश्नाची मांडणी, युक्तिवाद, पुराव्याचा वापर, संदर्भ आणि भाषा. प्रत्येक निकषाला ‘असमाधानकारक’, ‘साधारण’, ‘चांगले’, ‘उत्कृष्ट’ अशा चार पातळ्या ठेवल्या आणि त्यांना अनुक्रमे १, २, ३, ४ गुण दिले, म्हणजे एकूण २० गुण झाले. तपासणी सुरू झाल्यावर दोन अडचणी समोर आल्या. एका विद्यार्थ्याला मी पाचही निकषांवर ‘साधारण’ दिले होते. त्याला १० गुण मिळायला हवे होते, परंतु गुणपत्रकात ६.६७ उमटले. दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. नमुना म्हणून एकच अहवाल दोघांनी तपासला, तेव्हा माझी बेरीज १६ आली आणि सहकाऱ्यांची ११. आम्ही दोघांनीही तो मन लावून वाचला होता. ‘चांगले’ म्हणजे नेमके काय, हे मात्र आमच्या रूब्रिकमध्ये कुठेच लिहिलेले नव्हते.

नवे सत्र सुरू होण्यापूर्वी हे सारे नव्याने करायचे आहे. पातळ्या किती असाव्यात, त्यांची वर्णने कशी लिहावीत, निकषांना भार कसा द्यावा आणि गुणांचा हा हिशेब नेमका कसा होतो, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण प्रणालीचे नाव दिलेले नाही, पण ६.६७ हा आकडा पाहता ती मूडल या अध्ययन प्रणालीवर आधारलेली असावी. मूडलचे रूब्रिक निवडलेल्या गुणांची नुसती बेरीज करत नाही. प्रत्येक निकषात मिळालेल्या गुणांतून त्या निकषाच्या सर्वांत खालच्या पातळीचे गुण ते आधी वजा करते, आणि मग त्या बेरजेचे कमाल व किमान यांतील अंतराशी असलेले प्रमाण काढून ते असाइनमेंटच्या एकूण गुणांवर बसवते. आपल्या उदाहरणात मिळालेले गुण १०, किमान ५, कमाल २०. म्हणजे १० वजा ५ बरोबर ५, भागिले १५, गुणिले २०, उत्तर ६.६७. यात बिघाड काही नाही. सर्वांत खालची पातळी म्हणजे शून्य, असेच ते सूत्र धरून चालते.

यावर दोन उपाय आहेत. खालच्या पातळीला ० गुण द्यावेत, म्हणजे वजा करण्यासारखे काही उरतच नाही. मी स्वतः हेच करतो. किंवा रूब्रिकच्या पानाच्या तळाशी जे पर्याय असतात, त्यांत रूब्रिकची किमान बेरीज हीच किमान गुण मानण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करावी. मग १ पासून सुरू होणाऱ्या पातळ्याही चालतात आणि आपल्या विद्यार्थ्याला १० गुणच मिळतात. कोणताही मार्ग घेतला तरी त्याचा अर्थ आधी ठरवून घ्या. अहवाल सादर केला पण प्रत्येक निकषावर अगदी तळाला राहिला, अशा विद्यार्थ्याला २० पैकी ५ द्यायचे की ०, हा निर्णय अध्यापकांनी घ्यायचा असतो, आणि माझ्या मते तो लेखी असावा.

प्रतिसाद २

हिशेबाचे उत्तर वर आले आहे, म्हणून मी वर्णनांबद्दलच लिहिते, कारण १६ आणि ११ यांमधली दरी तिथूनच निर्माण झाली आहे.

ही अडचण आपल्या एकट्यांची नाही. १९६१ साली अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेच्या एका अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे ३०० निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या ५३ वाचकांना दिले होते. मापन ९ श्रेणींचे होते आणि निकष मुद्दामच सांगितलेले नव्हते. त्या ३०० पैकी १०१ निबंधांना कोणा ना कोणाकडून नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या. वाचकांच्या शेऱ्यांवरून पुढे असे दिसले की कोणी विचारांना महत्त्व देत होते, कोणी रचनेला, कोणी शुद्धलेखनाला, कोणी शब्दयोजनेला, तर कोणी लेखनाच्या खास ढंगाला. प्रत्येक जण मनातल्या वेगळ्या तक्त्याने मोजत होता. रूब्रिकचे काम तो तक्ता मनातून कागदावर आणण्याचे आहे, आणि ‘चांगले’, ‘उत्कृष्ट’ अशी विशेषणे वापरली की तो पुन्हा मनातच राहतो.

म्हणून माझा आग्रह असा की चौकटीत मत लिहू नये. अहवालावर बोट ठेवून दाखवता येईल अशी गोष्ट लिहावी. आपला ‘युक्तिवाद’ हाच निकष घेऊ. ‘उत्कृष्ट युक्तिवाद’ असे लिहिण्याऐवजी सर्वांत वरच्या पातळीसाठी मी असे लिहीन: ‘मुख्य विधान सुरुवातीलाच स्पष्ट सापडते, प्रत्येक उपविधान त्याला जोडलेले आहे, विरुद्ध बाजूचा किमान एक सबळ मुद्दा मांडून त्याला उत्तर दिले आहे.’ तिच्या खालच्या पातळीला: ‘मुख्य विधान स्पष्ट आहे आणि उपविधाने जोडलेली आहेत, विरुद्ध मुद्द्याचा उल्लेख आहे, पण त्याला उत्तर नाही.’ त्याखाली: ‘मुख्य विधान सापडते, पण काही भाग त्याच्याशी न जोडता नुसती माहिती देतात.’ आणि तळाला: ‘अहवाल काय सिद्ध करू पाहतो, हे वाचकाला ठरवता येत नाही.’ प्रत्येक पायरीवर काय निसटले, ते दिसते. ‘बऱ्यापैकी’, ‘पुरेसा’, ‘फारसा नाही’ अशा शब्दांची उतरंड लावली की तपासनीस पुन्हा अंदाजावरच येतो.

ही वर्णने कोऱ्या पानावर सुचत नाहीत. मागच्या सत्रातले आठ-दहा अहवाल नावे झाकून घ्यावेत, गुणांचा विचार न करता त्यांचे वरचा, मधला, खालचा असे तीन गठ्ठे करावेत, आणि मग हा अहवाल या गठ्ठ्यात का टाकला, ते एकेका वाक्यात लिहून काढावे. त्या वाक्यांतूनच रूब्रिक उभे राहते. असे केले की आपल्या निकषांत काय सुटले आहे तेही कळते. आमच्याकडे ‘मर्यादांची जाणीव’ हा निकष याच कामातून पुढे आला, त्याआधी तो कोणाला सुचलाच नव्हता.

पातळ्यांबद्दल थोडक्यात: चार ठेवा. तीन किंवा पाच ठेवल्या की थकलेला तपासनीस मधल्या चौकटीकडे वळतो. गुगल क्लासरूममध्ये एका रूब्रिकमध्ये ५० निकष आणि प्रत्येकी १० पातळ्यांपर्यंत जाता येते, पण नऊ आणि दहा या पातळ्यांतला फरक शब्दांत लिहून पाहिल्यावर ती मुभा किती उपयोगाची आहे, हे लगेच कळते.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. ‘विरुद्ध मुद्द्याचा उल्लेख आहे, पण उत्तर नाही’ हे वाचताना मागच्या सत्रातले किती तरी अहवाल डोळ्यांसमोर आले.

भाराचा प्रश्न उरतो. युक्तिवाद आणि पुरावा यांना भाषेपेक्षा दुप्पट महत्त्व द्यावे, असे आम्हा तिघांना वाटते, परंतु प्रणालीत भार लिहिण्याचा रकाना मला सापडला नाही.

प्रतिसाद १

मूडलच्या रूब्रिकमध्ये तसा वेगळा रकाना नाही. पातळ्यांना दिलेल्या गुणांतूनच भार ठरतो. भाषेला ०, १, २, ३ आणि युक्तिवादाला ०, २, ४, ६ असे गुण दिले की झाले. परंतु आधीच्या सूत्रामुळे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. भार निकषाच्या कमाल गुणांवर ठरत नाही. तो कमाल आणि किमान यांतल्या अंतरावर ठरतो. समजा, युक्तिवादाला ० पासून १० पर्यंत गुण आहेत आणि भाषेला ‘कोणाला फार कमी गुण नकोत’ म्हणून ६, ८, १० असे ठेवले आहेत. दोन्ही निकष दहाचेच दिसतात. प्रत्यक्षात अंतरे १० आणि ४ आहेत, म्हणजे एकूण १४ भागांपैकी १० युक्तिवादाचे आणि ४ भाषेचे ठरले. विद्यार्थ्यांना ‘समान भार’ असे सांगितले असेल, तर ते खरे राहत नाही.

रूब्रिकची बेरीज आणि असाइनमेंटचे एकूण गुण सारखेच ठेवावेत, असेही सुचवतो. ते वेगळे असले तरी प्रणाली प्रमाण बसवून घेते, पण विद्यार्थ्याला एका ठिकाणी १७ आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळाच आकडा दिसतो आणि त्याचा विश्वास विनाकारण डळमळतो.

प्रतिसाद ३

कॅनव्हास ही दुसरी अध्ययन प्रणाली वापरणाऱ्या वाचकांसाठी थोडी भर घालतो. तिथे रूब्रिक असाइनमेंटला जोडले म्हणजे काम झाले असे नाही. गुणदानासाठी हेच रूब्रिक वापरायचे, हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर रूब्रिकवर केलेली बेरीज आपोआप गुणांच्या रकान्यात जात नाही.

मूळ विषयावर माझे मत थोडे वेगळे आहे. तीन हजार शब्दांच्या अहवालासाठी रूब्रिकपेक्षा मूडलमधली मार्किंग गाइड ही पद्धत विचारात घ्यावी. तिच्यात निकष असतात, प्रत्येकाचे कमाल गुण असतात, पण पायऱ्या नसतात. तपासनीस कमाल गुणांच्या आत योग्य वाटेल तो आकडा देतो आणि शेरा लिहितो. वारंवार लागणारे शेरे आधी साठवून ठेवता येतात. दोन चौकटींच्या मधोमध बसणारा अहवाल रूब्रिकमध्ये वर किंवा खाली ढकलावाच लागतो, आणि १२० अहवालांत असे अनेक निघतील. मूडलचे रूब्रिक अधलेमधले गुण देऊ देत नाही, शिवाय प्रत्येक निकषावर काही ना काही निवडल्याशिवाय पुढेही जाऊ देत नाही.

प्रतिसाद २

एकच तपासनीस असता तर मी आपल्याशी सहमत झाले असते. इथे तिघे आहेत. पायऱ्या काढून टाकल्या की ६ आणि ८ यांतला फरक पुन्हा ज्याच्या त्याच्या मनात जाईल, आणि धागालेखिका ज्या दरीतून बाहेर येऊ पाहत आहेत तीच परत येईल. मधोमध बसणाऱ्या अहवालांचे आपले म्हणणे मात्र मला मान्य आहे. त्यासाठी आम्ही एक नियम ठरवून घेतला आहे: वरच्या चौकटीतली प्रत्येक अट पूर्ण झाली असेल तरच वरची पातळी, अन्यथा खालची, आणि कोणती अट राहिली ते शेऱ्यात लिहायचे. निकषागणिक शेरा लिहिण्याची आणि तो विद्यार्थ्यांना दिसू देण्याची सोय पर्यायांत चालू करता येते.

तपासणीपूर्वीची बैठक कृपया टाळू नका. तिघांनी तेच सहा अहवाल स्वतंत्रपणे तपासावेत आणि मग बेरजा न बघता एकेक निकष समोर ठेवावा. आमच्या पहिल्या बैठकीत ‘संदर्भ’ या निकषावर एकाच अहवालाला एकाने सर्वांत वरची पातळी दिली आणि दुसऱ्याने तळाच्या लगतची. विचारल्यावर कळले की पहिले अध्यापक शेवटच्या यादीतल्या नोंदी आणि त्यांची मांडणी पाहत होते, तर दुसरे मजकुरात तो संदर्भ प्रत्यक्ष वापरला आहे का, हे पाहत होते. यादीत बावीस नोंदी होत्या आणि मजकुरात त्यांपैकी सातच आल्या होत्या. चूक दोघांचीही नव्हती. आमच्या चौकटीतले वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येत होते. आम्ही ते तिथेच बदलले: ‘यादीतील प्रत्येक संदर्भ मजकुरात वापरलेला आहे आणि कोणत्या विधानासाठी, ते दिसते.’

धागालेखिका

हे सर्व सहकाऱ्यांपुढे ठेवते. दोन शंका आहेत. रूब्रिक विद्यार्थ्यांना आधी दाखवावे का? आमच्यापैकी एकांना भीती आहे की मुले चौकटी भरण्यापुरतेच लिहितील. आणि तपासणी अर्ध्यावर असताना एखादे वर्णन चुकल्याचे लक्षात आले तर काय करावे?

प्रतिसाद ३

जरूर दाखवावे. ‘विरुद्ध मुद्दा मांडून त्याला उत्तर द्या’ ही चौकट भरण्यासाठी विद्यार्थ्याने धडपड केली, तर आपल्याला तेच हवे आहे. ज्या चौकटी विचार न करता भरता येतात (‘किमान दहा संदर्भ’ ही त्यांतली नेहमीची), त्या लिहूच नयेत. मूडलमध्ये विद्यार्थ्यांना रूब्रिक आधीच पाहू देण्याचा पर्याय आहे. त्याच्या जोडीला एक तासिका राखून ठेवा आणि एक जुना निनावी अहवाल विद्यार्थ्यांनाच या रूब्रिकने तपासायला द्या. ते जिथे अडतात, तिथे बहुधा आपले वाक्य धूसर असते.

प्रतिसाद १

दुसऱ्या शंकेबद्दल. गुणदानासाठी वापरलेले रूब्रिक बदलून साठवायला गेल्यास मूडल विचारते की आधी दिलेले गुण पुन्हा तपासायचे म्हणून नोंदवायचे का. ‘होय’ म्हटले तर तो अहवाल पुन्हा तपासला जाईपर्यंत विद्यार्थ्याला त्याचे रूब्रिक दिसत नाही. शुद्धलेखनाची चूक असेल तर पुनर्तपासणीची गरज नाही. अर्थ बदलत असेल, तर तपासलेले सर्व अहवाल त्या एका निकषापुरते पुन्हा पाहावेत. ते शक्य नसेल तर जुन्याच वाक्याने तपासणी पूर्ण करावी आणि सुधारणा पुढच्या सत्रासाठी टिपून ठेवावी. निम्म्या वर्गाला एक माप आणि निम्म्याला दुसरे, असे मात्र होऊ देऊ नये.

असाही प्रसंग येतो की बेरीज १४ होते आणि अहवाल मात्र १६ चा वाटतो. तेव्हा हवी ती बेरीज यावी म्हणून एखादी चौकट वर सरकवण्याचा मोह होतो. तसे केले तर रूब्रिक विद्यार्थ्याला खोटे कारण सांगते. बेरीज आहे तशी ठेवा, पण आपल्याला १६ का वाटले ते वहीत लिहा. पाच-सहा अहवालांबाबत तेच कारण आले, तर तो राहून गेलेला निकष आहे.

रूब्रिक आधी मसुदा म्हणून साठवा, तिघांनी वाचा आणि मगच वापरासाठी खुले करा. त्यानंतर एका चाचणी खात्यातून अहवाल सादर करून तोच तीन वेळा तपासा: एकदा सर्व खालच्या पातळ्या, एकदा सर्व वरच्या आणि एकदा मिश्र. प्रत्येक वेळी गुणपत्रकातला आकडा हाताने केलेल्या हिशेबाशी पडताळून पाहा. तीनही आकडे जुळले की विद्यार्थ्यांना कळवायला हरकत नाही.