टॉम लँटोस यांचा मानवाधिकारांचा लढा सर्वांसाठी होता का?

अनुजा

नाझी वंशसंहारातून वाचलेली आणि पुढे अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेलेली एकच व्यक्ती होऊन गेली, ती म्हणजे टॉम लँटोस. त्यांचा जन्म 1928 मध्ये बुडापेस्टला झाला. मार्च 1944 मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. सक्तमजुरीच्या छावणीतून ते पळाले, पकडले गेले, बेदम मार खाऊन पुन्हा पळाले आणि स्वीडनचे मुत्सद्दी राउल वॉलेनबर्ग यांच्या संरक्षणाखालील एका घरात त्यांना आसरा मिळाला. सोनेरी केस आणि निळे डोळे यांमुळे त्यांचा संशय येत नसे; लष्करी छात्राचा गणवेश घालून ते लपलेल्या ज्यूंना अन्न आणि औषधे पोचवत.

1980 मध्ये कॅलिफोर्नियातून निवडून आल्यावर त्यांनी सर्वप्रथम वॉलेनबर्ग यांना मानद नागरिकत्व देण्याचे विधेयक आणले. जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत सैन्याने वॉलेनबर्ग यांना ताब्यात घेतल्यापासून त्यांचा थांगपत्ता नव्हता, आणि ते अमेरिकेचे नागरिक ठरल्यास मॉस्कोला जाब विचारता आला असता. 1981 मध्ये हा कायदा झाला. त्यापूर्वी हा मान फक्त चर्चिल यांना मिळाला होता. 1983 मध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्षाचे जॉन पोर्टर यांच्यासह काँग्रेसमध्ये मानवाधिकार गट स्थापन केला. दलाई लामांनी आपली पाच कलमी शांतता योजना 1987 मध्ये याच गटापुढे मांडली.

माझ्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ काम म्हणजे 2004 चा कायदा. जगभरातील ज्यूद्वेषी घटनांचा अहवाल देणे आणि त्यासाठी स्वतंत्र कार्यालय ठेवणे या कायद्याने परराष्ट्र खात्याला बंधनकारक केले. मानवाधिकारांवरील अहवाल आम्ही देतोच, मग वेगळे कार्यालय कशाला, असे म्हणत त्या खात्याने विरोध केला होता. पण सर्वसाधारण अहवालात दोन ओळींत उरकलेली घटना कुणाचीच जबाबदारी होत नाही, हे लँटोस यांनी ओळखले होते. एका माणसाची तळमळ त्याच्याबरोबर संपते, कायद्याने नेमलेला अधिकारी मात्र मागे राहतो, आणि म्हणूनच मला त्यांच्या भाषणांपेक्षा हा कायदा मोठा वाटतो.

दिगंबर

त्यांच्या धैर्याविषयी दुमत नाही. परंतु आपण 10 ऑक्टोबर 1990 ची सुनावणी वगळली आहे. त्या दिवशी याच मानवाधिकार गटापुढे नायिरा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने रडत सांगितले की, इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात नवजात बालकांना काचपेट्यांतून काढून थंड फरशीवर मरायला टाकले. इराकविरुद्धच्या युद्धाच्या बाजूने बोलणाऱ्या कित्येकांनी ही गोष्ट पुढे वापरली. मुलगी कुवेतच्या राजदूतांची कन्या असल्याचे 1992 मध्ये उघड झाले, आणि तिच्या कथनाला नंतरच्या चौकशीत आधार मिळाला नाही. ती कोण आहे हे लँटोस यांना ठाऊक होते. कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी ओळख लपवली, असे त्यांनी सांगितले. ज्याने स्वतः खरी साक्ष देण्याचे मोल जाणले होते, त्याच्या व्यासपीठावरून असे घडावे, हे मला क्षम्य वाटत नाही.

मृणालिनी

यातील कायद्याची बाजू नोंदवते. हा गट म्हणजे काँग्रेसची अधिकृत समिती नव्हे, त्यामुळे साक्षीदाराला शपथ नव्हती आणि खोट्या साक्षीचा गुन्हाही लागू होत नव्हता. शिवाय कुवेतच्या बाजूने प्रचार करणाऱ्या हिल अँड नोल्टन या कंपनीच्याच इमारतीत गटाशी संलग्न प्रतिष्ठानाला सवलतीच्या भाड्याने जागा होती. हा एका सुनावणीपुरता दोष नाही, तो गटाच्या रचनेतलाच दोष होता.

2004 च्या कायद्याबद्दलही माझा आक्षेप आहे. इस्रायलवरील वस्तुनिष्ठ टीका आणि ज्यूद्वेष यांत एक सीमारेषा असल्याचे तो मान्य करतो, पण ती रेषा आखणार परराष्ट्र खाते, आणि ते तर स्वतःच इस्रायलच्या मित्रसरकारचा भाग आहे. लँटोस 2001 मध्ये डर्बनला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेत अमेरिकी शिष्टमंडळात होते. तिथे वाटली गेलेली ज्यूद्वेषी पत्रके निषेधार्हच होती. तरीही अमेरिकेच्या सभात्यागामुळे गुलामगिरी आणि वर्णभेदाचे बळी ठरलेल्यांचे प्रश्न झाकोळले गेले.

रेवदंडेकर

आमच्या अलिबागकडे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, शतकानुशतके तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे, आणि धर्मावरून त्यांचा छळ झाल्याचे कोकणात कुणी सांगत नाही. त्यामुळे हा प्रश्न युरोपचा आहे, असे आपल्याला वाटत आले. पुढे नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईत हल्लेखोरांनी गल्लीबोळातले नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र नेमके शोधून काढले आणि तिथे सहा जणांचा जीव घेतला. असा द्वेष देशांच्या सीमा ओलांडतो, म्हणून त्यावर सतत नजर ठेवणारे कार्यालय मला अनाठायी वाटत नाही.

अनुजा

नायिरा प्रकरणाचा बचाव मी करणार नाही. मात्र लँटोस यांचा लढा ‘निवडक’, फक्त ज्यूंसाठी होता, असा शिक्का सरसकट मारू नये. 2006 मध्ये दारफुरमधील हत्याकांडाच्या निषेधार्थ सुदानच्या दूतावासासमोर त्यांनी वयाच्या 78 व्या वर्षी अटक करवून घेतली. मरणारे ज्यू नव्हते. नोव्हेंबर 2007 मध्ये चिनी पत्रकार शी ताओ यांची माहिती चीन सरकारला दिल्याबद्दल त्यांनी याहूचे प्रमुख जेरी यांग यांना परराष्ट्र व्यवहार समितीपुढे बोलावले. शी ताओ यांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि त्यांची आई यांग यांच्या मागेच बसली होती. तिची क्षमा मागा, असे लँटोस यांनी सुनावल्यावर यांग यांनी मागे वळून तिच्यापुढे मान झुकवली. यात इस्रायलचा काय संबंध होता?

दिगंबर

त्या सुनावणीबद्दल त्यांना मानतो. पण ऑटोमन तुर्कांच्या राजवटीतल्या आर्मेनियन वंशसंहाराला मान्यता देण्याचा काँग्रेसमधला ठराव पाहा. 2000 मध्ये तुर्कस्तानशी असलेल्या मैत्रीमुळे त्यांनी त्याला विरोध केला. 2005 मध्ये बाजू बदलली, तीही तुर्कस्तानने इराकच्या बाबतीत अमेरिकेला साथ न दिल्याचा हवाला देऊन. 1915 मध्ये मारल्या गेलेल्यांचा न्याय 2003 च्या युद्धातील सहकार्यावर अवलंबून ठेवायचा, हे वॉलेनबर्ग यांच्या आश्रयाने वाचलेल्या माणसाकडून मला अपेक्षित नव्हते. आणि ज्या युद्धाचा राग त्यांनी तुर्कस्तानवर काढला, त्याला 2002 मध्ये संमती देणाऱ्यांत ते स्वतः होते.