माणसं येतात हो, टिकत नाहीत

"आजकाल फुकट राबायला कोणी येत नाही" असं एकांनी लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकली होती, महामार्ग बंद होता, तेव्हा आमच्या तालमीत न बोलवता पोरं गोळा झाली. पेठेत घरोघरी फिरून चपात्या आणल्या. पहिल्या दिवशी त्या गरमगरमच प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबल्या. निवारा केंद्रात पोचेपर्यंत निम्म्यांना वास. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका काकूंनी दम भरला: आधी धोतरावर पसरा, गार होऊ द्या, मग कागदात बांधा.

असलं शहाणपण टिकायला तीच माणसं परत यावी लागतात. घोडं तिथंच अडतं. पुराला शंभर हात, पण रविवारी सकाळी रंकाळा तलावावर कचरा वेचायला आम्ही सहा जण, त्यातले चार पन्नाशीपुढचे! एनएसएसची, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची, पोरं येतात, कारण त्यांना वर्षाला 120 तास भरायचे असतात. त्यावरून नाकं मुरडणारे आहेत, मला मात्र चालतं. तासांपुरती आलेली एक मुलगी तास संपून दोन वर्षं झाली तरी येतेय. हजेरीची वही आता तिच्याकडंच असते.

फोटोपुरते येणारे वेगळे. नवे कोरे हातमोजे घालून येतात आणि जाताना तिथंच टाकून जातात. तेही आम्हीच वेचतो.